हर्शीच्या बाजारातील चौकोनी खाचेचे स्क्रू

पेनसिल्व्हेनिया राज्याची राजधानी हॅरिसबर्ग. तेथून पूर्वेस मोटारीने थोडे अंतर गेले की हर्शी नावाचे टुमदार गाव लागते. मिल्टन हर्शी नामक उद्योगपतीने १९०३ साली येथे चॉकलेटचा कारखाना बांधावयास घेतला आणि त्याच्या भोवती हे गाव वसले. गावातील एका मुख्य रस्त्याचे नाव चॉकलेट ॲव्हेन्यू, दुसऱ्याचे कोको ॲव्हेन्यू. रस्त्यावरील दिव्यांचे आकारही चॉकलेटच्या गोळीसारखे. काही गोळ्या कागदात गुंडाळलेल्या, काही उघड्या! आमच्या नातीला या दिव्यांपलीकडे हर्शीत पाहण्यासारखे काही असेल असे वाटत नव्हते. परंतु गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयता बडोद्याहून लेकीकडे गेलो असता जावईबापूंना गळ घालून या गावी जे गेलो, ते चॉकलेटसाठी नव्हे. आम्हाला स्क्रूंची चौकशी करावयाची होती.

वाचकांस हे हास्यास्पद वाटेल. म्हणून प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणे प्राप्त आहे.

आमचे वडील बडोदे शहरात डॉक्टर होते. १९४१ साली त्यांनी एका निवृत्त अधिकाऱ्याकडून १९२९ सालची 'मॉडेल ए' फोर्ड गाडी विकत घेतली. चार सिलिंडर, चाळीस अश्वशक्ती, वर कापडी टप आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या गुडघ्यांपुढे, काचेच्या खाली. या गाडीने नानांनी पादरा, डभोई, करजण या बाजूच्या खेड्यांतील रोगी पाहिले. युद्धकाळात पेट्रोलचे रेशनिंग आले, तेव्हाही गाडी अडल्यानडल्या बाळंतिणीसाठी बाहेर निघत असे. त्याच काळात एका रात्री पादऱ्याच्या रस्त्यावर रेडिएटरचे झाकण कोठेतरी उडून गेले. नवे झाकण मिळणे अशक्य होते. मांडवीजवळच्या एका कासाराने साचा करून पितळेचे झाकण ओतून दिले आणि पैसे घेतले नाहीत. त्याच्या मुलाचा विषमज्वर नानांनी उतरविला होता. ते झाकण मूळच्यापेक्षा जड, किंचित वाकडे, आणि त्याच्या आतल्या अंगास कासाराने आपली खूण म्हणून एक लहानसा त्रिशूळ कोरलेला. पुढे १९६२ साली गाडी वाड्याच्या पडवीत जी उभी राहिली ती साठ वर्षे तशीच उभी होती.

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले. '२१ गन सॅल्यूट' या नावाने होणाऱ्या या स्पर्धेचे ते दहावे वर्ष होते. हिरवळीवर ओळीने उभ्या असलेल्या त्या गाड्या पाहून आमच्या मनात पडवीतील फोर्ड जागी झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, आपणही करू या." मिस्त्री बोलावले. वर्षभर खटपट झाली. पैसा किती गेला हे सौ.ना अद्याप पूर्ण सांगितलेले नाही. अखेरीस गाडी अशी लखलखू लागली, की शेजारपाजारचे लोक तिच्यापाशी उभे राहून आपले फोटो काढून घेऊ लागले.

पुढील हिवाळ्यात एका शहरातील स्पर्धेत आम्ही ती नेली. परीक्षकांपैकी एक वयस्क गृहस्थ अत्यंत सौजन्याने गाडीभोवती फिरले. त्यांनी तीन गोष्टींवर बोट ठेविले. रेडिएटरची चौकट क्रोमची होती. १९२९ साली ती निकेलची असे. झाकण पितळेचे होते. ते कारखान्याचे नव्हे. आणि फळ्यांना व टपाच्या कमानींना लाविलेले स्क्रू अधिकाच्या चिन्हाची खाच असलेले होते. "या गाडीचा जन्म झाला तेव्हा हे स्क्रू जन्मलेच नव्हते," ते म्हणाले. "अगोदर कोणते होते?"

आम्ही मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्री म्हणाले, "साहेब, चौकोनी खड्ड्याचे काही तरी होते. डिसमिस लागेना. कोणी तरी गावठी काम केले असेल म्हणून काढून टाकले." स्क्रू पिरगाळण्याच्या हत्याराला आमच्या बडोद्यात डिसमिस म्हणतात, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवितो. परीक्षकांनाही चौकोनी खाचेचा उलगडा झाला नाही. त्यांनी गुण वजा केले, आम्ही कागदावर सही केली आणि घरी आलो. पारितोषिक गेल्याचे दुःख दोन दिवसांत ओसरले. परंतु आपण काय फेकून दिले हेच आपणास ठाऊक नाही, ही टोचणी मात्र राहिली. तिनेच आम्हाला हर्शीस आणिले.

जुन्या मोटारींच्या अमेरिकन शौकिनांची 'अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था १९३५ साली फिलाडेल्फियात स्थापन झाली. हर्शी येथे गेली सुमारे सत्तर वर्षे दर ऑक्टोबरात तिचा मेळा भरतो. मेळ्याची दोन अंगे असतात. एक परीक्षणाचे मैदान; दुसरा जुन्या सुट्या भागांचा बाजार. हा बाजार म्हणजे काय हे सांगावयाचे तर अहमदाबादेस साबरमतीकाठी रविवारी भरणारी गुजरी डोळ्यांपुढे आणावी, तिला कित्येक पटींनी वाढवावे आणि तीत मोटारीखेरीज दुसरे काही ठेवू नये. गाळ्यांच्या रांगांमागून रांगा. टेबलांवर, ताडपत्रीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यांत दिवे, कंदिलांच्या काचा, हॉर्न, घड्याळे, दारांच्या मुठी, चाकांच्या टोप्या, पिळलेल्या तारा, गंजलेले पाइप. पूर्वी हा बाजार गवताळ मैदानात भरे आणि पाऊस झाला की माणसे घोटाभर चिखलातून हिंडत. आता बहुतेक जागेवर डांबर घातले आहे. तरी जुने लोक चिखलाच्या आठवणी अशा प्रेमाने सांगतात, की आपल्याकडच्या वारकऱ्याने वाटेतल्या पावसाची आठवण सांगावी.

येथील ग्राहक पाहण्यासारखा असतो. पाठीवर पिशवी, हातात चुरगळलेली यादी. यादीत दहा-बारा वस्तू, आणि त्यांपैकी एकही मुठीहून मोठी नाही. एक मनुष्य आम्हास भेटला, तो एका घड्याळाच्या काट्यासाठी सहा वर्षे या बाजारात येत होता. घड्याळ त्याच्याजवळ होते, मिनिटकाटाही होता, तासकाटा नव्हता. "नवा करून मिळणार नाही का?" आम्ही विचारले. "मिळेल की. पण तो नवा केलेला असेल," तो म्हणाला. त्याच्या उत्तरात आम्हाला क्षणभर काहीच अर्थ दिसला नाही. दुपारपर्यंत थोडा दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी परीक्षणाचे मैदान पाहिले. गाडी येथे ढकलून आणिता येत नाही. तिने आपल्या पायांनी चालत यावयाचे. परीक्षक चमूने येतात आणि आपापसांत काम वाटून घेतात. कोणी बाह्यांग पाहतो, कोणी अंतर्भाग, कोणी सांगाडा, कोणी इंजिन. दार व बॉनेट मालकच उघडून दाखवितो. पूर्ण गुण चारशे. परीक्षणाचा आरंभ चारशेपासून होतो आणि दोष सापडेल तसतसे गुण वजा होत जातात. परंतु दोष कशास म्हणावयाचे, यासाठीची कसोटी मोठी विचार करावयास लावणारी आहे. त्या वर्षी विक्रेत्याने ग्राहकाच्या हाती गाडी ज्या स्थितीत दिली असती, ती स्थिती प्रमाण. तिच्यापेक्षा अधिक झगझगीत केल्याबद्दल एकही गुण जास्त मिळत नाही. एखादी वस्तू मूळची असल्याबद्दल शंका निघाल्यास कारखान्याची त्या सालची पत्रके, सुट्या भागांचे सूचिग्रंथ यांचा पुरावा मालकाने द्यावयाचा.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द फार जुना आहे. परंतु जीर्णोद्धार म्हणजे बहुधा काय होते? चारशे वर्षांच्या दगडी देवळाला ऑइलपेंट लागतो, गाभाऱ्यात चकचकीत फरशी येते, आणि देणगीदारांच्या नावांची पाटी मूळ शिलालेखापेक्षा मोठी होते. आम्हीही आमच्या फोर्डचे हेच केले होते. क्रोम अधिक चमकते, म्हणून क्रोम लाविले. हर्शीच्या मैदानावर एका परीक्षकाने गुडघे टेकून, मान वाकडी करून, एका बोल्टच्या डोक्याकडे विजेरीचा झोत टाकिलेला आम्ही पाहिला, तेव्हा प्रथम हसू आले आणि मग हसू मावळले.

लहान भागांवर एवढा कटाक्ष का, असे आम्ही तेथील एका निवृत्त परीक्षकास विचारले. हे गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसून कागदी पेल्यातील कॉफी पीत होते. त्यांचे म्हणणे असे, की मोठ्या वस्तू कोणीही सांभाळतो. इंजिन कोणी फेकून देत नाही. हरवितात त्या चकत्या, चाप, नळीच्या पट्ट्या, स्क्रू. त्यामुळे गाडी उलगडून पुन्हा जोडणाऱ्याने किती जपून काम केले, हे लहान वस्तूच सांगतात. 'मॉडेल ए'च्या शौकिनांच्या दोन संस्थांनी मिळून परीक्षणाचा जो जाडजूड ग्रंथ केला आहे, त्यात कोणत्या बोल्टला कोणता मुलामा, कोणता भाग काळा आणि कोणता उघड्या पोलादाचा, येथपर्यंत तपशील आहे. चकचकीत निकेल १९२८-२९ च्या गाड्यांना; १९३०-३१ च्या गाड्यांना न गंजणारे पोलाद. एका वर्षाची चूक झाली तरी गुण गेले.

यात अतिरेकही होतो, हे त्यांनी मान्य केले. १९७४ साली स्थापन झालेली कॉर्व्हेट गाड्यांच्या शौकिनांची एक संस्था आहे. तिचे परीक्षक ओतीव भागांवरील तारखा वाचतात. भागाची तारीख गाडीच्या जन्मतारखेनंतरची निघाली, की तो भाग परका ठरला. कारखान्यातील तपासनिसांनी खडूने वा रंगाने केलेल्या खुणासुद्धा काही मालक अभ्यास करून पुन्हा उमटवितात. रंगाऱ्याच्या हातून ओघळलेला थेंब होता, तर तोही ओघळवितात! आणि जेथे खऱ्याला किंमत आली तेथे खोटेही आलेच. इंजिनवरील क्रमांक घासून नवे ठोकणारे, पत्र्याच्या नव्या पट्टीला जुनी कळा आणणारे कारागीर तेथे आहेत. "खरेपणाची नक्कल करता येऊ लागली, म्हणून परीक्षकाला अधिक खाली वाकावे लागते," निवृत्त परीक्षक म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आमचे स्क्रू भेटले.

बाजाराच्या एका टोकास कॅनडातून आलेल्या एका वृद्ध विक्रेत्याचे टेबल होते. त्यावर लाकडी खणांची पेटी, आपल्याकडील वाण्याच्या मसाल्याच्या पेटीसारखी. एका खणात काळसर पडलेले स्क्रू, आणि प्रत्येकाच्या डोक्यात नेटका चौकोनी खड्डा. आम्ही तो खण उचलून सौ.च्या पुढे धरिला. तिने पडवीत महिनोन्महिने त्या गाडीचे धुळीचे भाग पुसले होते. "अगं बाई, हेच ते," ती म्हणाली.

विक्रेत्यास गाडी हिंदुस्थानात आहे एवढे सांगताच त्याने उजवा हात स्टिअरिंग धरिल्यासारखा उंचावून विचारले, "चाक उजवीकडे ना?" मग त्याने सगळा उलगडा केला. फोर्डचा कॅनडातील कारखाना १९०४ साली निघाला. ओंटॅरिओ प्रांतात, डेट्रॉइट नदीच्या पलीकडच्या तीरावर, विंडसरजवळ. ब्रिटन वगळून बाकीच्या ब्रिटिश साम्राज्यात गाड्या पुरविण्याचा अधिकार या कॅनडियन शाखेकडे होता. हिंदुस्थानात १९२६ साली निघालेली फोर्ड कंपनी हीदेखील तिचीच शाखा. आणि कॅनडात या चौकोनी खाचेचा जनक होऊन गेला. पीटर रॉबर्टसन हा फिरता विक्रेता. साध्या खाचेच्या स्क्रूवरून हत्यार निसटून त्याचा हात कापला, तेव्हा त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. १९०९ साली त्याने पेटंट घेतले. मिल्टन गावी त्याचा कारखाना होता. चौकोनी खाचेत हत्यार घट्ट बसते, निसटत नाही, एका हाताने काम होते. म्हणून कॅनडातील फोर्ड गाड्यांच्या बांधणीत हे स्क्रू गेले. हेन्री फोर्ड यास या स्क्रूवर आपला ताबा हवा होता आणि रॉबर्टसनने तो दिला नाही, अशीही कथा आहे. अमेरिकेत मग अधिकाच्या चिन्हाचा, हेन्री फिलिप्सच्या नावाचा स्क्रू पसरला. परंतु मोटारींत तो १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. आमच्या फोर्डच्या जन्मानंतर किमान सात वर्षांनी!

म्हणजे ज्यास आम्ही गावठी समजून भंगारात घातले, तो गाडीचा जन्मदाखला होता. ती कोठून आली, कोणत्या कारखान्यातून बाहेर पडली, कोणत्या वाटेने मुंबई बंदरास लागली, हे सांगणारी अक्षरे त्या चौकोनी खड्ड्यांत होती. आम्हाला ती वाचता आली नाहीत, इतकेच.

त्या रात्री बडोद्यास मिस्त्रींना फोन लाविला. तेथे सकाळ होती. स्क्रूंची हकीकत ऐकून पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग मिस्त्री म्हणाले, "काका, रागावू नका. डबाभर स्क्रू तर भंगारवाल्याला गेले. पण मागच्या सीटखालची फळी आहे ना, तिचे नऊ मला निघालेच नाहीत. गंजून धरले होते. तुम्हाला सांगितले सगळे बदलले. तसेच वरून रंग मारून ठेवले आहेत." खरे तर काम अर्धवट ठेवून पूर्ण म्हणून सांगितल्याबद्दल मिस्त्रींना चार शब्द सुनवावयास हवे होते. आम्ही त्यांचे आभार मानिले. त्यांना ते बहुधा कळले नसावे.

आता राहिला प्रश्न झाकणाचा.

शेवटच्या दिवशी एका टेबलावर १९२९ च्या फोर्डचे निकेलचे मूळ झाकण मिळाले. मुलामा थोडा उडालेला, पण आकार निर्दोष. किंमत आमच्या आवाक्यातली. जावईबापूंनी पाकीट काढले. सौ. म्हणाली, "आणि नानांचे झाकण?" आम्ही झाकण हातात घेऊन तसेच उभे राहिलो. नियमाने पाहिले तर उत्तर स्पष्ट होते. विंडसरच्या कारखान्यातून मांडवीच्या कासाराचे झाकण घेऊन कोणतीही गाडी बाहेर पडली नव्हती.

झाकण बाजूस ठेवावयास सांगून आम्ही निवृत्त परीक्षकांचा शोध काढिला. त्यांनी आमची हकीकत शांतपणे ऐकिली आणि आम्हाला मैदानाच्या एका कोपऱ्यात नेले. तेथे न रंगविलेल्या, न उलगडलेल्या गाड्यांचा निराळा वर्ग होता. रंग उडालेले, आसने फाटलेली. परंतु जे आहे ते मूळचे. यांची परीक्षा चकाकीवर होत नाही. मूळचे किती टिकून आहे, यावर होते. गाडी पुन्हा नवी कितीदाही करता येते, पण मूळ ती एकदाच असते, असे या लोकांत म्हणण्याचा प्रघात आहे. २०२४ साली कॅलिफोर्नियात पेबल बीच येथील विख्यात स्पर्धेत, जी १९५० पासून चालू आहे, सर्वोच्च मान प्रथमच अशा जतन केलेल्या गाडीस मिळाला: १९३४ ची बुगाटी, एके काळी बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे असलेली. तिच्या अंगावरील ओरखडे तसेच होते.

"परंतु आमची गाडी या वर्गातही बसत नाही," आम्ही म्हणालो. "आम्ही तिला नवी करून बसलो आहो."

"खरे आहे," ते म्हणाले. "आणि परीक्षक म्हणून मी तुमच्या पितळी झाकणाचे गुण वजाच करीन. ते मला केलेच पाहिजे. नाही तर ज्याने सहा वर्षे हिंडून तासकाटा शोधिला त्याच्यावर अन्याय होईल. पण गुण हे गाडीला कारखान्याने काय दिले याचे असतात. त्यानंतर माणसांनी तिला काय दिले याचा रकाना आमच्या कागदावर नाही. तो तुम्ही ठेवा."

आम्ही निकेलचे झाकण विकत घेतले. चाळीस चौकोनी स्क्रूही घेतले.

बडोद्यास परतल्यावर मिस्त्रींनी चौकोनी हत्यार पैदा केले आणि अधिकाच्या चिन्हाचे स्क्रू एकेक करून काढिले. हर्शीचे स्क्रू बसले. मागच्या फळीचे नऊ त्यांनी रंग खरवडून उघडे केले, पण हलविले नाहीत. क्रोमची चौकट उतरवून निकेलचा मुलामा देणारा मनुष्य शोधिला. मग एका सकाळी निकेलचे झाकण बसवून पाहिले. गाडी अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी दिसू लागली. मुलगा खूष झाला. आमच्या थोरल्या भगिनी, वय वर्षे ८६, काठी टेकीत पडवीत आल्या. गाडीकडे पाहून म्हणाल्या, "ही कुणाची?" नजर अधू झाली आहे, तेव्हा प्रश्न सहज असेल. परंतु लहानपणी नाना घरी आले की त्या पितळी झाकणावरील उन्हाची तिरीप भिंतीवर पडे आणि त्यावरून मुलांना बाबा आल्याचे कळे, हे त्यांनीच आम्हाला अनेकदा सांगितलेले होते.

दुपारी आम्ही पितळेचे झाकण पुन्हा बसविले.

निकेलचे झाकण कपाटात आहे. पुढच्या पिढीला गुण हवेसे वाटले, तर ते तिने लावावे. वस्तू तयार ठेविली आहे. मात्र गाडीसोबत आता एक वही असते. तीत चार रकाने आहेत. कारखान्यातून आलेले, त्याच काळचे पण दुसऱ्या गाडीचे, आज नवे केलेले, आणि बडोद्यात घडलेले. नऊ स्क्रू पहिल्या रकान्यात, चाळीस दुसऱ्यात, टपाचे कापड तिसऱ्यात. चौथ्या रकान्यात एकच नोंद आहे: रेडिएटरचे झाकण, पितळ, युद्धकाळ, कारागीर मांडवीचा, आतून त्रिशूळ. कासाराचे नाव नानांना ठाऊक असणार. आम्ही विचारून ठेविले नाही. एवढी एक जागा वहीत कोरी आहे, आणि ती कोणत्याही बाजारात मिळावयाची नाही.

या हिवाळ्यात पुन्हा एका स्पर्धेत गेलो. परीक्षकांनी चौकोनी स्क्रूंवर बोट ठेवताच आम्ही विंडसरपासून सगळी कथा सांगितली. त्यांनी ती टिपून घेतली आणि गुण कापिले नाहीत. झाकणाचे कापिले. आम्ही आनंदाने सही केली.

परतताना एक गोष्ट मनात आली, ती सांगून लेख पुरा करितो. आम्हा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत पुण्याचा पाहुणा येतो आणि आमच्या भाषेचे गुण वजा करितो. "डिसमिस काय म्हणता हो? हा कोठला शब्द?" त्याचे म्हणणे त्याच्या कागदाप्रमाणे बरोबर असते, आणि प्रमाण भाषा शिकावी, मुलांना शिकवावी, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु आमच्या बोलण्यात काही चौकोनी स्क्रू आहेत. आजोबांबरोबर आलेले जुने मराठी शब्द, जे खुद्द देशावर आता कोणी वापरीत नाही. आपण त्यांना गावठी समजून काढून टाकितो. आणि काही पितळी झाकणे आहेत, वाटेत मोडले तेव्हा शेजाऱ्याने ओतून दिलेली. दोहोंतील भेद ओळखावा. पहिल्यास नवे म्हणून लपवू नये, दुसऱ्यास मूळचे म्हणून मिरवू नये.

आपल्याही घरी माळ्यावर, पडवीत, आजीच्या पेटीत काही असेलच: पानाचा डबा, शिवणयंत्र, घड्याळ, सतार. दुरुस्तीस देताना कारागिरास एवढेच सांगावे, की काढलेली खिळामोळा डब्यात घालून परत दे. आणि ज्यांना ठाऊक आहे ती माणसे घरात आहेत तोवर, कोणी केले, कधी केले, हे विचारून दोन ओळी लिहून ठेवाव्यात. आम्ही एक नाव विचारावयाचे विसरलो, म्हणून सांगतो.